आधी खडेमीठ

कोणी त्यांना विचारलं, की भाई, इलेक्ट्रिक गिटार सुरू करायची आहे, खिशात फार काही नाही, पहिले काय काय घ्यावं लागेल, तर ते समोरच्याकडे न पाहता विचारायचे, "घरी खडेमीठ आहे का?"

माणूस हसायचा. भाई हसायचे नाहीत.

"खडेमीठ एक किलो. कोळसा एक टोपलं. अन् अंगणात कंबरभर गड्डा. हे झालं की या. गिटारीचं मग पाहू."

चंद्रपूरहून एकदा एक बँकेतले साहेब आले होते. कोरी करकरीत गिटार, तिला मखमली अस्तराची पेटी, पायाने दाबायच्या बटनांचा एक डबा, त्यात लाल-हिरवे दिवे. सगळं घेऊन झालं होतं, फक्त वाजवायला घेतलं की घुंऽऽ असा आवाज येत होता म्हणून कोणीतरी त्यांना पोंभुर्ण्याला भाईंकडे पाठवलं. भाईंनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातला टेस्टर काढला, गिटारच्या तारेला लावला, आणि तेच विचारलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझं शिवणकामाचं दुकान भाईंच्या दुकानाला लागूनच, मध्ये नुसता टिनाचा पत्रा. साहेबांनी मला डोळ्यांनीच विचारलं, की डोक्याने बरे आहेत ना? मी बोटांनी दाखवलं, थोडे.

आता वाटतं, तसं दाखवायला नको होतं. पण तेव्हा मला गिऱ्हाईक होतं समोर, समजावून सांगायला वेळ नव्हता. आज वेळ आहे, म्हणून सांगते.

भाई रेडिओ दुरुस्त करायचे. नव्वदची सालं होती, टेपरेकॉर्डर घरोघरी आले होते आणि जुने लाकडी रेडिओ लोक तांदळाच्या कोठीवर टाकून देत होते. भाई ते उचलून आणायचे. त्यांच्या दुकानात बसायला जागा नव्हती, उभं राहायलाही बेताचीच. उंच, वाळके, दाढी अर्धी पांढरी, शर्टाच्या खिशात पेन असावं तिथे टेस्टर. तो दिवा लागणारा पेचकस असतो ना, तो. येता-जाता कशालाही टेस्टर लावायची सवय. दुकानाच्या शटरला, पंख्याच्या जाळीला, माझ्या इस्त्रीला. एकदा माझ्याकडे ब्लाऊजचं माप द्यायला आलेल्या बाईच्या हातातल्या स्टीलच्या डब्यालाही लावला. ती बाई पुन्हा आली नाही.

आणि मुख्य गोष्ट अशी, की भाईंना सूर कळत नव्हता. अजिबात. हार्मोनियमची कुठली पट्टी वर आणि कुठली खाली, हेसुद्धा ते मला विचारायचे. तरी आमच्या भागातल्या निम्म्या गायन पार्ट्यांची वाजवायची वस्तू त्यांच्या हातची होती. पैसा नसलेल्या माणसाला वाजवायला काय देता येईल, एवढाच त्यांचा ध्यास. दुकानातून विकत आणलेली वस्तू पाहिली की त्यांचं तोंड वाकडं व्हायचं.

"हे तर कोणीबी आणते," म्हणायचे. "यात आपलं काय?"

गिटारच्या तारा जुन्या झाल्या की टाकू द्यायचे नाहीत. पातेल्यात पाणी, पाण्यात तारा, आणि चुलीवर उकळायच्या. मळ सुटतो, तार पुन्हा बोलते, आठ-पंधरा दिवस निघतात. खरं आहे ते, मी स्वतः कान देऊन पाहिलं आहे. फक्त पातेलं चहाचं असायचं. त्यांची बायको, आम्ही तिला भाभी म्हणायचो, ती पाहुण्यांना आधीच सांगायची, "चाय में लोहा लगेगा, बुरा मत मानना. हमारे यहाँ पहले गिटार पीती है, फिर मेहमान."

आमच्या मोहल्ल्याची गायन पार्टी होती. बुद्ध-भीम गीतांची. माझा दीर पेटी वाजवायचा आणि पुढारीही तोच. मी कोरसमध्ये, मागच्या ओळीत. बल्लारपूरकडच्या पार्टीने गिटार आणली, तशी त्यांना बोलावणी वाढली, आमची घटली. दिराने मग भंगारातून एक पोकळ लाकडी गिटार आणली, पाठ उकललेली. म्हणाला, "भाई, हिले इलेक्ट्रिक करून द्या."

गिटारला इलेक्ट्रिक करायचं म्हणजे तारांखाली एक लोहचुंबक बसवायचं, आणि त्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळायची. किती फेरे? हजारो. चुंबक भाईंकडे होतं, फुटक्या भोंग्यातलं. तारही होती, कुठल्यातरी भंगार मशीनमधून सोडवलेली. पण हाताने गुंडाळायला गेले की तुटायची. तीन दिवस पत्र्यापलीकडून मी शिव्या ऐकल्या. तारेला, चुंबकाला, स्वतःच्या बोटांना. चौथ्या दिवशी पत्रा वाजवला.

"बाई, तुमची मशीन देता का थोडी?"

"कोणाचं काय शिवायचं आहे?"

"शिवायचं नाई. बॉबिन भरायची आहे."

बॉबिन म्हणजे शिवणयंत्राची ती छोटी रिळी. चाकाजवळ खोचली आणि पायडल मारलं की दोरा आपोआप भरतो. भाईंनी त्या जागी आपलं चुंबक लाखेने चिकटवलं. लाख तर आमच्याकडे बाजारात पळसाच्या पानावर मिळते, तिचा तोटा नाही. पायडल ते मारणार होते. दुसऱ्या झटक्याला तार तुटली. मी म्हटलं, उठा. बावीस वर्षं पायडल मारलं होतं मी तोवर. माझ्या पायाला माहीत होतं, किती हळू म्हणजे हळू.

फेरे मोजायला लाखोळीच्या डाळीचे दाणे घेतले. शंभर झाले की एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. भाई दाणे टाकायचे आणि मी तार धरायची. दोन दिवस लागले. मग मधाच्या पोळ्याचं मेण वितळवून त्यात ते बुडवलं, नाहीतर गिटार शिट्ट्या मारते म्हणाले. बसवलं, एक जुना रेडिओ होता, त्याला मागे तबकडीचा बाजा जोडायची भोकं असतात, त्यात वायर खोचली. रेडिओ तापायला मिनिटभर. मी एक तार छेडली.

पत्र्याच्या दोन्ही बाजूंची चार दुकानं बाहेर आली.

भाईंनी विचारलं, "बरोबर आहे का?"

"काय बरोबर?"

"सूर. मले कसं कळणार? तुम्हीच सांगा."

असं ते सुरू झालं. त्यांनी काही बदललं की मी वाजवून सांगायचं. पेटीवर मला गाणी येत होतीच, कानाने शिकलेली. तेच बोटांनी तारांवर शोधत गेले. वाजवायची पट्टी म्हणून शाम्पूच्या बाटलीचा कापलेला तुकडा. शिकवणारं कोणी नव्हतं. शिकवणारा असता तर त्याने बहुतेक सांगितलं असतं, की अडतिसाव्या वर्षी बाईने हे सुरू करत नसतात.

आता माझी चूक सांगते.

वाजवताना माझ्या बोटांना मुंग्या यायच्या. बारीक, झिणझिण. कधी मनगटापर्यंत. मला वाटलं, इलेक्ट्रिक गिटार आहे, म्हणजे करंट असणारच. त्याशिवाय तिला इलेक्ट्रिक का म्हणतात? जिला सहन होतं तिला वाजवता येतं, असं काहीसं मी मनाशी ठरवून टाकलं. आणि बोलले नाही. बोलले असते तर दीर म्हणाला असता, बायांचं काम नाही. तीन आठवडे मी तसंच वाजवलं, रबरी चप्पल घालून, कोरड्या जमिनीवर, म्हणून आज लिहिते आहे.

एक दिवस भाभी चहा घेऊन आली. मी सहज म्हटलं, "आज मुंग्या जरा जास्तच येऊन राह्यल्या. ढग आले म्हणून असतील का?"

भाईंनी कप खाली ठेवला. "कायच्या मुंग्या?"

"ह्या काय. करंटच्या."

त्यांनी टेस्टर काढून गिटारच्या तारेला लावला. आतला छोटा दिवा लाल झाला. ते बघत राहिले. मग रेडिओचा प्लग ओढला, पुन्हा टेस्टर लावला. विझला होता. जुन्या रेडिओच्या आतल्या पत्र्यात करंट उतरत होता, तो वायरीतून तारांत, तारांतून माझ्यात. ज्या माणसाने गावातल्या प्रत्येक वस्तूला टेस्टर लावला होता, त्याने आपल्या हाताने केलेल्या वस्तूला लावला नव्हता.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"अन् सांगितलं काऊन नाई?"

"मले वाटलं असतेच."

मला वाटलं आता शिव्या सुरू होतील. झाल्या नाहीत. शटर ओढलं आणि घरी गेले. दोन दिवस दुकान बंद. तिसऱ्या दिवशी आले ते खांद्यावर लोखंडी नळी आणि हातात मिठाची पिशवी घेऊन. दुकानामागे खड्डा केला, नळी उभी केली, भोवती कोळसा, मीठ, कोळसा, मीठ, वरून पाणी. त्या नळीला तार बांधली, ती रेडिओच्या पत्र्याला जोडली. करंट वाट चुकला तर जमिनीत जाईल, माणसात जाणार नाही. अर्थिंग म्हणतात त्याला. भाई म्हणायचे, "पहिले जमीन. बाद में सूर."

तेव्हापासून ते खडेमिठाचे झाले. लोकांनी नावं ठेवली, मिठूमियाँ म्हणू लागले. पार्टीचा कार्यक्रम कुठेही असो, भाई सगळ्यांच्या आधी जाऊन खड्डा करणार. आयोजक म्हणायचे, मंडप टाकायला लोक लागतात, हे गड्डे काऊन खोदून राह्यले? एका गावात तर कोणीतरी उदबत्ती लावून गेलं त्यांच्या खड्ड्यापाशी.

मग आमच्याच मोहल्ल्यातल्या विहाराचं उद्घाटन आलं.

मी गिटार घेऊन लोकांसमोर पहिल्यांदा बसणार होते, तेही आपल्याच विहारात. दिराला ते फारसं पसंत नव्हतं, पण दुसरं कोणी वाजवणारं नव्हतं. कार्यक्रम दुपारी चारचा. अंगणात सिमेंटची नवी फरशी, सगळी श्रमदानातली. आम्ही बायांनी डोक्यावर घमेली वाहिली होती. उन्हाने फरशी तापली म्हणून सकाळपासून तिच्यावर पाणी मारणं चालू. चपला फाटकाबाहेर. बुद्धाच्या मूर्तीसमोर, बाबासाहेबांच्या फोटोसमोर कोण चप्पल घालून बसेल? म्हणजे ओली फरशी आणि अनवाणी पाय. आदर म्हणून जे जे करायचं ते सगळं आम्ही केलं होतं, आणि भाई फाटकात उभे राहून ते पाहत होते. त्यांचा चेहरा मिठासारखा पांढरा.

खड्डा करायला जागा नव्हती. कुंपणाबाहेर एकीकडे डांबर, दुसरीकडे मुरमाचा खडक. त्यांनी लोखंडी सब्बल मारून पाहिली, हातभरसुद्धा जाईना. आत आले. गिटार रेडिओला जोडली, तारेला टेस्टर लावला. लाल.

"आतमधे एक गड्डा लागते," ते म्हणाले.

विहार समितीचे अध्यक्ष म्हणजे आमचे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "भाई, ही फरशी परवाची आहे. बायांनी घाम गाळून केली. उद्घाटनाच्या दिवशी फोडू काय?"

"नका फोडू. गिटार नाई वाजणार, बस."

दीर म्हणाला, "हातपंपाले तार बांधा ना. तो तर जमिनीतच आहे."

"तिथी लेकरं पाणी पिऊन राह्यले. बाईचा करंट काढून त्यांच्या हातात देऊ काय?"

"मंग वयनीले चप्पल घालून बसवा."

बायांनी माना वळवून त्याच्याकडे पाहिलं. दिरालाही कळलं आपण काय बोललो ते. मीच म्हटलं, "मी नाई बसणार चप्पल घालून."

"मी म्हणतबी नाई घाला म्हणून," भाई म्हणाले. "मी म्हणून राह्यलो वाजवू नका." आणि त्यांनी वायर काढली, कोपरावर गुंडाळली, गिटार तिच्या खोक्यात ठेवली आणि चक्क त्या खोक्यावर बसले.

"वयनी, कोरसमधे बसा," दीर हळूच म्हणाला. "काय बिघडते? इतके दिवस बसलेच ना."

बिघडत काहीच नव्हतं, तेच तर होतं. मागच्या ओळीत माझी जागा मोकळी होती, सतरंजीवर, पाण्याने ओली. तिथे जाऊन बसले असते तर कोणालाही वेगळं वाटलं नसतं, आणि दुसऱ्या कार्यक्रमाला मला कोणी विचारलंही नसतं.

मी गुरुजींना विचारलं, "या मागच्या कोपऱ्यात घमेले कोणी वाह्यले?"

"तुम्ही बायांनीच."

"इथी आधी हातपाय धुवायचं पाणी मुरत होतं. खाली माती मऊ आहे, मले ठाऊक आहे. या कोपऱ्यात पंधरा घमेले माझे आहेत गुरुजी. माझ्या वाट्याचे तेवढे फोडते."

गुरुजी चष्मा काढून पुसू लागले. मागून कोरसमधली एक म्हणाली, "माहे दोन घे वं, गड्डा तंग नको व्हायला." मग बाया हसल्या, आणि एकदा बाया हसल्या की समितीचा ठराव व्हायला वेळ लागत नाही. गुरुजी एवढंच म्हणाले, "कोपऱ्यातच. अन् लवकर."

पहिला घाव मी घातला. माझ्या मनगटात एवढा जोर नव्हता, नुसता चरा उठला. पुढचं भाईंनी केलं. नळी, कोळसा, मीठ, पाणी. कार्यक्रमाला आलेली पाहुणेमंडळी फाटकात थांबून पाहत होती, की हे लोक उद्घाटन करून राह्यले की तोडफोड.

तार जोडून झाल्यावर भाईंनी टेस्टर लावला. दिवा लागला नाही. पण त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी चप्पल तर बाहेरच काढली होती. ओल्या फरशीवर उभे राहिले, गिटार उचलली, डाव्या हाताचा पंजा सगळ्या तारांवर ठेवला आणि उजव्या हाताने माईकचा दांडा घट्ट धरला. ज्या माणसाला सा कळत नव्हता तो मंचावर गिटार घेऊन उभा, आणि समोर दोनशे माणसं गाणं ऐकायला बसलेली. कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली. ते तसेच उभे होते, डोळे मिटून. एक अख्खं कडवं होईल एवढा वेळ. भाभी बायांमध्ये बसली होती, तिचा पदर तोंडात.

मग त्यांनी डोळे उघडले, गिटार माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "वाजवा."

मी वाजवलं. कसं वाजवलं म्हणाल, तर दुसऱ्या गाण्यात एक तार उतरली आणि शेवटच्यात मी एक जागा चुकले. लोकांना ते कळलं नाही, दिराला कळलं. भाईंनी तर ऐकलंच नाही. ते पूर्ण वेळ मंडपामागच्या कोपऱ्यात तांब्या घेऊन बसले होते, माती सुकू नये म्हणून. दोन गाण्यांच्या मध्ये मला पाणी ओतल्याचा आवाज यायचा.

पुढे आठ-दहा वर्षं मी पार्टीत वाजवलं. त्यांनी मला कधी छान वाजवलं म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी त्यांच्या म्हणण्याला काय अर्थ होता. कार्यक्रम संपला की विचारायचे, "काही झालं नाई ना?" मी म्हणायची, "नाई." मग मीठ उरलं असेल तर पिशवीत भरायचे.

म्हातारपणी लेकीकडे राजुऱ्याला गेले, तिथेच वारले. भाभी नंतर एकदा आली, तिने पदराच्या गाठीतून टेस्टर काढून माझ्या हातात दिला. "तुम्हारे काम का है," म्हणाली. चहा पिताना हसली, "तुम्हारी चाय में लोहा नहीं है, फीकी लगती है."

विहारातली ती नळी अजून आहे. मधल्या काळात फरशीवर टाइल्स आल्या, पण तो कोपरा कोणी झाकला नाही. आता पार्टीत नवी मंडळी आहे, सुना-नाती. कार्यक्रमाआधी त्या तिथे खडेमीठ टाकतात आणि तांब्याभर पाणी ओततात. कोणी ओलांडून जात नाही. परवा समितीत नवीन आलेल्या एकाने आवाज चढवला, की आपण बौद्ध माणसं, हे मीठ-पाणी, हा कसला विधी? बंद करा. त्याचं खरं होतं. ज्यांना विचारलं त्या म्हणाल्या, आम्हाले ठाऊक नाई, काकू करत होत्या म्हणून करतो.

मग मी गेले. गुडघे दुखतात, पण गेले. त्याला खाली बसवून सगळं सांगितलं, करंट, रेडिओचा पत्रा, मुंग्या, पंधरा घमेले. पार्टीची गिटार नवीन होती, दुकानातली, चकचकीत. यात आपलं काय, असं एकदा मनात येऊन गेलं. मी टेस्टर काढला आणि तिच्या तारेला लावला. सगळ्या वाकून पाहू लागल्या.

"काकू, काय दिसलं?"

"काहीच नाही."

"मग?"

"मग वाजवा," मी म्हटलं.